चुना लावण्याच्या बाजूने

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत नको ते काही उगवलं की दुकानदारापासून जुन्या शौकिनांपर्यंत सगळे एकच सल्ला देतात. त्याला खाणारं काहीतरी आणून सोडा. शेवाळ वाढलं, गोगलगायी आणा. ॲप्टेशिया वाढला, कॉपरबँड मासा आणा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. औषध नको, विष नको, एक जीव दुसऱ्याला आवरेल. मीही ते मानलं. सात आठवड्यांनी तो मासा वर्तमानपत्रात गुंडाळून इमारतीमागच्या पेरूच्या झाडाखाली पुरावा लागला, आणि ॲप्टेशिया टाकीत आहे तो आहेच. हा लेख त्या सल्ल्याविरुद्ध आहे.

ज्यांनी अशी टाकी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. मुंब्र्याच्या आमच्या घरी हॉलमध्ये १२० लिटरची टाकी आहे. पाणी आरओचं, त्यात विकतचं समुद्री मीठ मोजून घालायचं. वर निळसर दिवे, आत दगड, दगडांवर मऊ प्रवाळ : थोडे मशरूम, थोडे झोअँथिड, एक लेदर कोरल. सोबत दोन क्लाउनफिश, ज्यांना घरी येणारं प्रत्येक मूल निमो म्हणतं. कठीण प्रवाळ मी ठेवत नाही. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहेत, आणि 'हा परदेशी आहे, कागद आहेत' असं सांगणाऱ्यांचे कागद मला पाहायला मिळालेले नाहीत. अब्बा हयात असते तर म्हणाले असते, दाभोळची खाडी सोडून आलास आणि हॉलमध्ये समुद्र मांडून बसलास. खरं आहे. म्हणूनच मांडला असावा.

ॲप्टेशिया हा सी ॲनिमोनचा एक प्रकार. पुस्तकी मराठीत समुद्रपुष्प. दिसतं फूल, असतो प्राणी. तपकिरी अर्धपारदर्शक देठ, वर बारीक लांब तंतूंचा घेर, मधोमध तोंड. माझ्याकडचा पहिला करंगळीच्या नखाएवढा होता. झोअँथिडचा तुकडा ज्या चकतीवर चिकटवून मिळतो, तिच्या खालच्या कडेला तो दडून आला होता. धाकट्या लेकीने शोधला. "अब्बा, एक फूल फुकट आलं." मलाही आनंदच झाला. चार दिवस मी पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवत होतो.

दोन महिन्यांत चाळीसच्या वर झाले. याच्या तंतूंवर डंख मारणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. शेजारचा प्रवाळ त्या डंखाने आखडतो, फुलेनासा होतो, कडेकडेने झिजत जातो. माझे झोअँथिड एका बाजूने कायम मिटलेले दिसू लागले तेव्हा मी चिमटा हातात घेतला, आणि तिथे खरा घोटाळा झाला. सावली पडली तरी हा प्राणी दगडाच्या भोकात शिरतो. ओढला तर तुटतो, आणि तळव्याचा जो कण दगडाला चिकटून राहतो त्यातून नवा प्राणी तयार होतो. कुणी हात लावला नाही तरी तो दगडावर सरकताना तळव्याचे कण मागे टाकत जातो आणि प्रत्येक कण हळूहळू तंतू फोडतो. वाढण्यासाठी त्याला जोडीदार लागत नाही, की घाईही नसते. डिवचला तर अंगातून पांढरे धागे फेकतो, तेही डंखाचेच. एका रविवारी मी बारा उपटले आणि पुढच्या महिन्यात मोजायचं सोडून दिलं. सुपरग्लूचा थेंब टाकून गाडण्याचाही प्रयत्न केला. आठवड्याभरात गोंदाच्या कडेने तंतू बाहेर. मॅजानो नावाचा याचा एक बुटका, फुगीर टोकांचा भाऊबंद असतो. तो सुदैवाने माझ्याकडे आलेला नाही.

मग दुकान. "सर, कॉपरबँड टाका. साफ करून टाकेल." टाकी किती लिटरची, हे त्याने विचारलं नाही. साफ झाल्यावर मासा काय खाईल, हे मी विचारलं नाही. किंमत इथे लिहीत नाही, बायको हा ब्लॉग वाचते.

मासा मात्र देखणा. चांदीसारख्या अंगावर तांबूस-नारिंगी उभे पट्टे, पाठीच्या मागच्या बाजूला डोळ्यासारखा काळा ठिपका आणि चिमट्यासारखं लांब तोंड. अंदमानच्या समुद्रापासून जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. त्या लांब तोंडाने प्रवाळांच्या कपारींतले किडे आणि बारीकसारीक जीव दिवसभर टिपत फिरणं हेच त्याचं जगणं. दिवसभर, हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन वेळा चिमूटभर दाणे टाकून निभावणारा हा मासा नव्हे.

पहिले दोन दिवस तो दगडामागे राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने पहिला ॲप्टेशिया टिपला तेव्हा घरात टाळ्या वाजल्या. तीन आठवड्यांत दिसणारा प्रत्येक तंतू नाहीसा झाला. झोअँथिड पुन्हा उमलले. मी दुकानदाराला फोन करून धन्यवाद दिले, हे आता लिहिताना लाज वाटते.

कारण चौथ्या आठवड्यापासून त्याला माझ्या टाकीत खायला काही उरलं नाही. दाणे तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. गोठवलेले मायसिस डोळ्यांसमोरून वाहत जायचे. बाजारातून ताज्या तिसऱ्या आणल्या, शिंपली उघडून टाकीत ठेवली. हा उपाय चांगला आहे, पुष्कळांचे मासे त्यावर वळतात. माझाही चार-पाच दिवस टोचून खायचा. पण १२० लिटरच्या पाण्यात रोज तिसऱ्या ठेवल्या की पाणी बिघडतं, आणि पाणी बिघडलं की त्याचं टोचणंही थांबायचं. मूळात तो या टाकीच्या तिप्पट-चौपट पाण्याचा मासा. डोक्यामागे अंग चिमटल्यासारखं झालं, पोट आत गेलं. शेवटच्या आठवड्यात तो आधी साफ केलेल्याच दगडांवरून तोंड फिरवत राहायचा. मेला तेव्हा सकाळचे दिवे लागायचे होते.

अम्मी तेव्हा माझ्याकडेच होती. मांजर बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस आमच्या घरात लहानपणापासून प्रत्येकाला माहीत आहे : तिने मांजरीला ना खायला घातलं, ना स्वतःचं स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलं. अम्मीने ती काढली नाही. एवढंच विचारलं, "समुद्रात सोडता आला नसता का रे?"

नसता आला, आणि हेच मला या लेखात सांगायचं आहे. मांजरीला निदान दार होतं. या माशाला माझ्या हॉलमधून परत जायला दार नव्हतं. आपला किनारा त्याचा नव्हे, मुंब्र्याची खाडी तर कुणाच्याच राहण्याची उरलेली नाही. टाकीतला जीव समुद्रात सोडणं हे पुण्य वाटतं, पण त्याच्याबरोबर टाकीतले रोग आणि चिकटून आलेले जीवही जातात. लायनफिश मूळचा अटलांटिकचा नाही. १९८० च्या दशकात तो फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ दिसू लागला, आणि शौकिनांनी टाक्यांमधून सोडलेल्या माशांपासून त्याची तिथली वाढ सुरू झाली असं मानलं जातं. आज कॅरिबियनच्या प्रवाळांवर तिथल्या माशांची पिल्लं तो फस्त करतो. म्हणजे असा मासा घेतला की खायला घालणं एवढा एकच रस्ता उरतो. तो रस्ता आहे की नाही, हे पैसे द्यायच्या आधी बघायला हवं. नंतर बघण्यात काही अर्थ नाही.

यावर मला मिळालेलं उत्तर असं : पण काम तर केलं ना त्याने? नाही केलं. मासा गेल्यावर पंधरा दिवसांत दगडाच्या भेगांतून, पंपाच्या मागून, लांब तोंडही जिथे पोचत नाही तिथून ॲप्टेशिया परत आले. काम झालंच असतं, तरी तीन आठवड्यांच्या कामासाठी आणलेला मजूर काम संपल्यावर उपाशी मरू देण्याचा हिशेब मला मान्य नाही. मासा म्हणजे औषधाची गोळी नव्हे, की कोर्स संपला, पाकीट टाकून दिलं.

सगळेच खाणारे जीव वाईट असं माझं म्हणणं नाही. पेपरमिंट कोळंबी ॲप्टेशिया खाते, कधी खाते, कधी ढुंकूनही बघत नाही. पण ती उरलंसुरलं खाऊन पुढे जगते. ती आणायला हरकत नाही. फक्त नीट ओळखून घ्या, कारण पेपरमिंट म्हणून कॅमल श्रिंप गळ्यात मारली जाते आणि ती तुमचे प्रवाळच कुरतडायला लागते. बर्घिया नावाची बोटाच्या पेराएवढी, बिनकवचाची समुद्री गोगलगाय ॲप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही. टाकी पूर्ण साफ करते, आणि साफ झाली की उपाशी मरते. जिथे शौकीन एकमेकांच्या जवळ राहतात आणि आपलं काम झालं की बर्घिया पुढच्याला देतात, तिथे ती चांगली व्यवस्था आहे. एकट्याने आणून स्वतःच्या टाकीत सोडून देणाऱ्याला मी तेच म्हणेन जे स्वतःला म्हणतो. माझ्यापुरती कसोटी साधी आहे. ॲप्टेशिया नसता तर हा जीव मी आणला असता का, पोसू शकलो असतो का? उत्तर नाही असेल, तर नाही.

आता चुना. परदेशी शौकीन काल्कवासर म्हणतात तेव्हा काहीतरी भारी रसायन वाटतं. जर्मन शब्द आहे, अर्थ चुन्याचं पाणी. शाळेच्या प्रयोगशाळेतली चुन्याची निवळी, जिच्यात नळीने फुंकलं की पाणी दुधाळ होतं, तीच. प्रवाळांना कॅल्शियम मिळावं म्हणून ती थेंबाथेंबाने टाकीत सोडतात. त्याच चुन्याचा घट्ट लगदा ॲप्टेशियाच्या तोंडावर पडला की प्राणी पोळून निघतो. अम्मीच्या पानदानातला चुना मी वापरला नाही. त्याला काथ-सुपारीचे हात लागलेले असतात, आणि विकतच्या डबीत आणखी काय मिसळलं आहे हे सांगता येत नाही. रसायनांच्या दुकानात शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड मिळतं, ते आणलं. अम्मीने किंमत विचारली आणि म्हणाली, एवढ्यात मी वर्षभर पान खाल्लं असतं.

पद्धत अशी. सगळे पंप बंद करायचे, पाणी स्थिर होऊ द्यायचं. चुन्यात टाकीचंच थोडं पाणी घालून दह्यासारखा लगदा करायचा आणि जाड तोंडाच्या सिरिंजमध्ये भरायचा. मग सावली न पाडता, वरून, अगदी सावकाश हात न्यायचा. घाई केली की तो भोकात आणि चुना पाण्यात. लगदा तोंडावर आणि तंतूंवर बसला पाहिजे, भोक बुजलं पाहिजे. पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवून मग पंप सुरू. एका वेळी पाच-सहाच. चुन्याने पाण्याचा पीएच चढतो. एका संध्याकाळी वीस उडवायला गेलात तर मासेही जातील. हातमोजे आणि चष्मा घाला, चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो. मुलांना लांब ठेवा. लिंबाचा रस किंवा उकळतं पाणी सिरिंजने सोडणारेही आहेत, तयार औषधाच्या बाटल्याही मिळतात. सगळ्यांना एकच अट : सावकाश, थोडे थोडे, परत परत. मॅजानोलाही हेच लागू.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका. वैतागून दगड काढून गॅसवर उकळायला ठेवू नका. झोअँथिडांच्या काही जातींमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं अतिजहाल विष असतं. असे दगड उकळून किंवा गरम पाण्याने घासून त्याच्या वाफेने घरातली सगळी माणसं दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. आपली स्वयंपाकघरं किती हवेशीर असतात हे आपल्याला माहीतच आहे.

मराठीत चुना लावणे म्हणजे फसवणे. मला तो दुकानात लागला. आता दर शुक्रवारी नमाजनंतर मी लावतो, शब्दशः. तरी पहिल्या महिन्यात आकडा खाली येईना. सहा मारले की सात नवे. तेव्हा कुठे मी माझ्या घरातल्या हातांकडे पाहिलं.

टाकीला तीन हात खायला घालत होते. फजरनंतर अम्मी एक चिमूट टाकायची, कारण मुकं जनावर सकाळी उपाशी राहू नये. शाळेतून आल्यावर लेक टाकायची, कारण निमो तिच्याकडे बघतो. रात्री मी, कारण टाकी माझी. वर मी गोठवलेल्या खाद्याची वडी विरघळवून सगळं पाणी तसंच ओतायचो. दोन क्लाउनफिश आणि तीन माणसांची माया. उरलेलं सगळं कोण खात होतं? ॲप्टेशियाच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं, ते उजेडावर अन्न तयार करून त्याला देतं. शिवाय तंतूंनी पाण्यातलं खाणं तो पकडतो. उजेडही माझा, खाणंही माझं. आम्ही त्याची शेती करत होतो. आता खाणं एकदाच, एकाच हाताने, आणि वडी गाळणीत धुऊन. हा हात कोणाचा यावर घरात आठवडाभर बोलणी चालली. लेकीचा ठरला. अम्मी अजून रुसलेली आहे. पण नवे उगवण्याचा वेग तेव्हापासूनच मंदावला. माझ्या मते निम्मं काम चुन्याचं असेल तर निम्मं गाळणीचं आहे, आणि दुकानात गाळणीबद्दल कुणी बोलत नाही, कारण ती चहाच्या सामानात मिळते.

याच प्राण्याला प्रयोगशाळांमध्ये मुद्दाम वाढवतात, हे मला बरंच उशिरा कळलं. प्रवाळांच्या अंगात राहणाऱ्या शैवालांसारखंच शैवाल याच्याही अंगात राहतं. समुद्र तापला की प्रवाळ ते गमावून पांढरे पडतात, आणि फार काळ तसेच राहिले तर मरतात. ॲप्टेशियाही पांढरा पडतो, पण खायला घातलं तर जगतो. म्हणून शैवाल जाण्या-येण्याचा अभ्यास त्याच्यावर करता येतो. २०१५ मध्ये त्याचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. मरत नाही आणि पटापट वाढतो, हे जे मला नको आहे, तेच त्या संशोधकांना हवं आहे. हे वाचल्यावर मी चुना लावायचं थांबवलेलं नाही. झोअँथिड मीच आणलेत, त्यांचीही जबाबदारी माझीच आहे. फक्त सूड घेतल्यासारखा हात चालवत नाही.

मागच्या हिवाळ्यात लेकीला घेऊन हाजीअलीला गेलो होतो. ओहोटी होती, खडक उघडे पडले होते. खडकातल्या एका डबक्यात सी ॲनिमोन होतं, आमच्या टाकीतल्यापेक्षा वेगळं, जाडसर, वाळूच्या रंगाचं. ती ओरडली, "अब्बा, पेस्ट! इकडे पण आलेत!" शेजारचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. मी तिला सांगितलं की हे त्याचंच घर आहे, इथे आपण आलोय. तिने विचारलं, मग आपल्याकडचा कुणाच्या घरून आला? चकतीवरून, म्हणालो. त्याच्या आधी? हे मला सांगता आलं नाही. दुकानदाराने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

आता नवी चकती आली की ती आधी महिनाभर वेगळ्या छोट्या टाकीत ठेवतो. बुडवून काढायच्या औषधांवर मी विसंबत नाही, ॲप्टेशिया त्यांतून सहज वाचतो. चकतीची खालची बाजू भिंगाने बघतो, शक्य असेल तर प्रवाळ सोडवून घेतो आणि चकती फेकून देतो. परवा दुकानातून फोन आला, कॉपरबँडचा नवा लॉट उतरला आहे, या वेळचे खाणारे आहेत, ठेवू का एक? मी विचारलं, काय खाताना पाहिलेत? म्हणाला, सर, ॲप्टेशिया.

गेल्या शुक्रवारी सहा मोजले. एक पंपाच्या मागे आहे, तिथे सिरिंज पोचत नाही.